कन्स्ट्रक्टिव्ह डिसमिसलचा दावा फेटाळला गेल्यावर: ब्रिटनमधील अपिलाची वाट, पायरीपायरीने

मालकाच्या वागणुकीमुळे नोकरीत राहणे अशक्य झाले म्हणून राजीनामा दिलेला असतो, तो राजीनामा म्हणजे प्रत्यक्षात बडतर्फीच (म्हणजेच कन्स्ट्रक्टिव्ह डिसमिसल) होती असे नोकरीविषयक तंटे ऐकणाऱ्या एम्प्लॉयमेंट ट्रायब्यूनलपुढे शपथेवर सांगून झालेले असते, आणि मग एके दिवशी ईमेलमध्ये निकाल येतो की दावा फेटाळण्यात येत आहे. त्या क्षणी बहुतेकांच्या मनात येणारी पहिली गोष्ट म्हणजे 'न्यायाधीशांनी माझे ऐकलेच नाही'. अपिलाच्या दृष्टीने हे वाक्य जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण एम्प्लॉयमेंट अपील ट्रायब्यूनल, म्हणजे ज्याला सर्रास ईएटी म्हणतात ते न्यायाधिकरण, कोण खरे बोलले आणि कोण खोटे याचा पुन्हा निवाडा करत नाही. १९९६ च्या एम्प्लॉयमेंट ट्रायब्यूनल्स अॅक्टच्या कलम २१ प्रमाणे त्याच्यापुढे केवळ कायद्याचा प्रश्न नेता येतो. म्हणून अपील करायचे की नाही हे ठरवताना आपल्यावर किती अन्याय झाला हे बाजूला ठेवून निकालपत्रात कायद्याची चूक कुठे आहे आणि त्या चुकीमुळे निकाल बदलला असता का, एवढेच पाहावे लागते.

पुढील विवेचन इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडपुरते आहे. उत्तर आयर्लंडमध्ये ईएटी नाही आणि तेथील अपिलाची पद्धत वेगळी आहे.

आधी घड्याळ, मग कारणे

निकाल दोन प्रकारे येतो. काही वेळा न्यायाधीश निर्णय राखून ठेवतात आणि नंतर सविस्तर लेखी कारणांसह तो पाठवतात. काही वेळा सुनावणीच्या शेवटीच निर्णय व कारणे तोंडी सांगितली जातात आणि नंतर हाती पडतो तो फक्त एक-दोन परिच्छेदांचा लेखी निकाल, ज्यात कारणे नसतात. दुसऱ्या प्रकारात लेखी कारणे मागून घ्यावी लागतात, आणि ती मागणी सुनावणीतच किंवा लेखी निकाल पाठवल्यापासून १४ दिवसांच्या आत करावी लागते. तोंडी निकाल ऐकून खचलेला माणूस घरी जातो, दोन-तीन आठवडे कागदाला हात लावत नाही, आणि तेवढ्यात ही मुदत निघून जाते. लेखी कारणांशिवाय अपील जवळजवळ उभेच राहू शकत नाही, त्यामुळे अपील करण्याचा विचार अजून पक्का नसला तरी लेखी कारणे मागून ठेवावीत.

अपिलाची मुदत ४२ दिवसांची आहे. लेखी कारणे निकालासोबत आली असतील, किंवा ती वेळेत मागितली असतील, तर कारणे पाठवल्याच्या तारखेपासून ४२ दिवस मोजतात. वेळेत मागितली नसतील तर नुसता निकाल पाठवल्याच्या तारखेपासून. येथे 'पाठवल्याची तारीख' हे शब्द महत्त्वाचे आहेत. आपल्याला ईमेल केव्हा दिसला किंवा वकिलाने तो केव्हा पुढे पाठवला याला काही महत्त्व नाही. कारणे एखाद्या बुधवारी पाठवली असतील तर सहा आठवड्यांनंतरच्या बुधवारी दुपारी चार वाजेपर्यंत संपूर्ण अपील ईएटीकडे पोहोचलेले असावे लागते. चार वाजून पाच मिनिटांनी आलेले अपील दुसऱ्या दिवशी आले असे धरले जाते आणि ते मुदतबाह्य ठरते.

मुदतवाढ मिळू शकते, पण त्यावर विसंबून राहू नये. १९९५ च्या 'युनायटेड अरब एमिरेट्स विरुद्ध अब्देलगफार' या निर्णयापासून ईएटीने मुदतीबाबत कडक भूमिका घेतली आहे. उशिराचे संपूर्ण आणि प्रामाणिक स्पष्टीकरण द्यावे लागते, आणि अपिलात दम आहे एवढे सांगून भागत नाही. कागदपत्रांच्या बाबतीत मात्र परिस्थिती पूर्वीपेक्षा सुसह्य झाली आहे. ३० सप्टेंबर २०२३ पासून बदललेल्या नियमांनुसार अपिलासोबत मूळ दाव्याचा ईटी-१ अर्ज आणि मालकाचे ईटी-३ उत्तर जोडणे सक्तीचे राहिलेले नाही. अपिलाचा अर्ज, निकाल आणि लेखी कारणे एवढे तरी हवेच, आणि कारणे नसतील तर ती का नाहीत याचे स्पष्टीकरण हवे. अपील वेळेत आले पण एखादा कागद राहिला, अशा किरकोळ चुकीला क्षमा मिळण्याची वाट त्याच बदलांनी मोकळी केली, आणि २०२४ च्या 'रिडली विरुद्ध एच. बी. कर्टली' या निर्णयात ईएटीच्या वरच्या न्यायालयाने, म्हणजे कोर्ट ऑफ अपीलने, राहिलेला कागद आणि मुळातच उशिरा आलेले अपील या दोन गोष्टी एकाच मापाने मोजू नयेत असे सांगितले. तरीही शेवटच्या दिवसासाठी काहीही शिल्लक ठेवू नये. पंचेचाळीस मेगाबाइटची फाइल अपलोड होत नाही हे दुपारी साडेतीनला कळण्यापेक्षा आदल्या आठवड्यात कळलेले बरे.

ईएटीत अपील दाखल करण्यासाठी सध्या शुल्क नाही. २०१३ मध्ये शुल्क सुरू झाले होते, परंतु युनिसन या कामगार संघटनेच्या दाव्यात २६ जुलै २०१७ रोजी सुप्रीम कोर्टाने ते बेकायदा ठरवले.

पुनर्विचाराचा अर्ज हा अपिलाला पर्याय नाही

ज्या ट्रायब्यूनलने निकाल दिला त्याच ट्रायब्यूनलला पुनर्विचार करण्याची विनंती करता येते. त्याची मुदत १४ दिवसांची, आणि कसोटी 'न्यायाच्या हितासाठी आवश्यक' अशी. एखादा महत्त्वाचा मुद्दा निकालात पूर्णपणे सुटून गेला असेल, तारखांचा उघड घोळ असेल, किंवा सुनावणीच्या वेळी कितीही प्रयत्न करून मिळू न शकलेला पुरावा नंतर हाती आला असेल, तर हा मार्ग योग्य आहे. आधीचाच युक्तिवाद अधिक ठसक्यात मांडण्यासाठी तो नाही, आणि तसे अर्ज सुनावणीशिवायच फेटाळले जातात.

पुनर्विचाराचा अर्ज केला म्हणून ४२ दिवसांचे घड्याळ थांबत नाही, हे मात्र पक्के ध्यानात ठेवावे. पुनर्विचाराच्या उत्तराची वाट पाहत बसल्यामुळे अपील गमावलेली माणसे कमी नाहीत. दोन्ही करायचे असेल तर दोन्ही समांतर करावे.

निकालपत्र कसे वाचावे

पहिल्यांदा वाचताना राग येतो, आणि तो येऊ द्यावा. दुसऱ्या वाचनाला पेन्सिल घेऊन बसावे आणि समासात तीन प्रकारच्या खुणा कराव्यात: कुठे ट्रायब्यूनल कायदा सांगते आहे, कुठे काय घडले ते ठरवते आहे, आणि कुठे कायदा त्या घटनांना लावते आहे. अपिलाचे मुद्दे बहुधा पहिल्या आणि तिसऱ्या भागात सापडतात. दुसऱ्या भागात क्वचित.

तुलनेसाठी कायद्याचा सांगाडा जवळ असावा. १९९६ च्या एम्प्लॉयमेंट राइट्स अॅक्टच्या कलम ९५(१)(क) प्रमाणे, मालकाच्या वर्तनामुळे कर्मचाऱ्याला नोटीस न देता करार संपवण्याचा हक्क प्राप्त झाला असेल आणि त्याने तो संपवला असेल, तर ती बडतर्फी ठरते. कायद्यातला हा 'क' म्हणजे इंग्रजी अक्षरक्रमातला 'सी'. १९७८ च्या 'वेस्टर्न एक्स्कॅव्हेटिंग विरुद्ध शार्प' या निर्णयापासून येथे कराराची कसोटी लागते: मालकाचे वागणे अवाजवी होते एवढे पुरत नाही, त्याने कराराचा मुळावर घाव घालणारा भंग केलेला असावा लागतो. बहुतेक दावे परस्पर विश्वासाच्या गर्भित अटीवर उभे असतात, जी त्या वेळचे सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने 'मलिक विरुद्ध बीसीसीआय' या निर्णयात मान्य केली. वाजवी आणि योग्य कारणाशिवाय मालकाने परस्पर विश्वासाचे नाते उद्‌ध्वस्त करण्याच्या किंवा त्याला गंभीर धक्का देण्याच्या हेतूने, अथवा तसे होण्याचा संभव असेल अशा रीतीने वागू नये, ही ती अट.

मग येतात 'कौर विरुद्ध लीड्स टीचिंग हॉस्पिटल्स' या २०१८ च्या निर्णयात कोर्ट ऑफ अपीलने घालून दिलेले पाच प्रश्न. राजीनाम्याला निमित्त झालेली मालकाची सर्वांत अलीकडची कृती कोणती? त्या कृतीनंतर कर्मचाऱ्याने करार पुढे चालू ठेवण्यास संमती दिली का? दिली नसेल, तर ती कृती एकटीच कराराचा मूलभूत भंग ठरते का? ठरत नसेल, तर ती अशा मालिकेचा भाग होती का, की जी एकत्र पाहता विश्वासाच्या अटीचा भंग ठरते? आणि कर्मचाऱ्याने त्या भंगामुळे, निदान अंशतः त्यामुळे, राजीनामा दिला का?

हे पाच प्रश्न एका कागदावर उतरवून प्रत्येकापुढे ट्रायब्यूनलने काय उत्तर दिले आणि कोणत्या परिच्छेदात दिले ते लिहावे. अपिलाच्या तयारीतले माझ्या मते सर्वांत मोलाचे काम हेच, कारण त्यातून दोन गोष्टी समोर येतात. एखादा प्रश्न विचारलाच गेला नसेल तर ते दिसते. आणि आपण नेमके कोणत्या कारणांनी हरलो, ती कारणे एकमेकांवर अवलंबून आहेत की स्वतंत्र, हेही दिसते.

हा दुसरा मुद्दा अनेक अपिलांचा घात करतो. समजा, ट्रायब्यूनलने म्हटले आहे की मूलभूत भंग झाला नाही. आणि झाला असे धरले तरी कर्मचाऱ्याने चार महिने काम करून करार मान्य केला. आणि तेही सोडले तरी राजीनामा नवी नोकरी मिळाली म्हणून दिला. येथे दावा तीन स्वतंत्र खांबांवर फेटाळला आहे. अपिलात पहिल्या खांबावर कितीही अचूक घाव घातला तरी उरलेल्या दोहोंपैकी एक जरी उभा राहिला तरी निकाल उभा राहतो, आणि ईएटी म्हणेल की चूक होती पण तिने फरक पडला नाही. त्यामुळे प्रत्येक स्वतंत्र कारणाविरुद्ध कायद्याचा मुद्दा सापडतो का ते पाहावे, आणि एकाविरुद्ध जरी सापडत नसेल तर अपील न करण्याचा विचार गांभीर्याने करावा. याच ओघात आणखी एक पाहावे. कन्स्ट्रक्टिव्ह डिसमिसल सिद्ध झाले म्हणजे ते अन्याय्यच ठरते असे नाही; बडतर्फी मान्य करून, तिच्यामागे योग्य कारण होते आणि ती कलम ९८ प्रमाणे न्याय्य होती, असाही निष्कर्ष ट्रायब्यूनल काढू शकते. तसा पर्यायी निष्कर्ष असेल तर तो चौथा खांब.

चुका सहसा कुठे लपलेल्या असतात

पहिली जागा म्हणजे 'वाजवी प्रतिसादांची मर्यादा'. साध्या बडतर्फीच्या दाव्यात मालकाचा निर्णय वाजवी प्रतिसादांच्या कक्षेत होता का असे विचारतात. करार मोडला का, या प्रश्नाला ही कसोटी लागत नाही, हे 'बकलंड विरुद्ध बोर्नमथ युनिव्हर्सिटी' या २०१० च्या निर्णयात कोर्ट ऑफ अपीलने स्पष्ट केले. मालकाची तक्रारचौकशी 'एखाद्या वाजवी मालकाने केली असती अशीच होती, सबब भंग नाही' असे वाक्य निकालपत्रात असेल तर ते अधोरेखित करावे. अर्थात ट्रायब्यूनलने 'वाजवी आणि योग्य कारण' या मलिकच्या शब्दांचा विचार केला असेल तर ती चूक नव्हे. दोन्ही ठिकाणी 'वाजवी' हा शब्द येतो म्हणून गोंधळ होतो. त्याच निर्णयातला दुसरा धडा असा की, एकदा मूलभूत भंग झाला की मालकाला नंतर दुरुस्ती करून तो पुसून टाकता येत नाही. तो स्वीकारायचा की करार चालू ठेवायचा हे कर्मचाऱ्याने ठरवायचे. कंपनीतल्या अंतर्गत तक्रारीवरच्या अपिलात मालकाने चूक मान्य केली, म्हणून भंग उरला नाही, असे ट्रायब्यूनलने म्हटले असेल तर येथे मुद्दा आहे.

दुसरी जागा अगदी बारीक आहे. मलिकची अट सांगताना ट्रायब्यूनलने 'हेतूने आणि संभव असेल अशा रीतीने' असे लिहिले आहे की 'हेतूने किंवा'? मूळ निर्णयाच्या छापील पाठात 'आणि' असा शब्द आला आणि तो अनेक ठिकाणी उतरत गेला. २००७ च्या 'बाल्डविन विरुद्ध ब्राइटन अँड होव्ह' या निर्णयात ईएटीने 'किंवा' हाच योग्य अर्थ असल्याचे सांगितले. नुसता शब्द चुकीचा उतरवला म्हणून अपील जिंकता येत नाही. पण मालकाचा वाईट हेतू सिद्ध झाला नाही एवढ्यावरच ट्रायब्यूनलने भंग नाकारला असेल, तर हा एक शब्द निर्णायक ठरू शकतो.

तिसरी जागा म्हणजे 'लास्ट स्ट्रॉ', अर्थात अनेक घटनांच्या मालिकेतली शेवटची. 'ओमिलाजू विरुद्ध वॉल्थम फॉरेस्ट' या २००५ च्या निर्णयानुसार ही शेवटची घटना स्वतः गंभीर असण्याची गरज नाही, तिने मागच्या घटनांत काहीतरी भर घातली पाहिजे. मात्र ती पूर्णपणे निरुपद्रवी असेल तर चालत नाही. ट्रायब्यूनलने प्रत्येक घटना सुटी सुटी तपासली, प्रत्येकीपुढे 'ही एकटी भंग ठरत नाही' असे लिहिले आणि तेथेच थांबले, तर एकत्रित परिणामाचा चौथा प्रश्न विचारलाच गेला नाही. याच्या उलट प्रकारही दिसतो: शेवटची घटना निरुपद्रवी ठरली, सबब दावा संपला, असे ट्रायब्यूनल म्हणते. पण आधीचे वर्तन स्वतःच मूलभूत भंग असेल, तो कर्मचाऱ्याने मान्य केलेला नसेल आणि राजीनामा अंशतः त्यामुळे दिला असेल, तर शेवटची घटना निरुपद्रवी असूनही दावा टिकू शकतो, असे ईएटीने २०२० च्या 'विल्यम्स विरुद्ध ऑल्डरमन डेव्हिस स्कूल' या प्रकरणात सांगितले आहे.

चौथी जागा करार मान्य केल्याच्या निष्कर्षाची. नुसते दिवस मोजून हा निष्कर्ष काढता येत नाही. काळ लोटला या गोष्टीपेक्षा त्या काळात कर्मचाऱ्याचे वर्तन काय सांगत होते हे पाहावे लागते, असे ईएटीने २०१४ च्या 'चिंडोव्ह विरुद्ध मॉरिसन्स' प्रकरणात आणि पुन्हा २०२३ च्या 'लीनी विरुद्ध लफबरो युनिव्हर्सिटी' प्रकरणात म्हटले. आजारपणाच्या रजेवर असणे, तक्रारीच्या निकालाची वाट पाहणे, निषेध नोंदवून काम चालू ठेवणे, वकिलांमार्फत तोडग्याच्या वाटाघाटी करणे, दीर्घ नोकरी सोडताना विचार करायला लागलेला वेळ, या गोष्टी पुराव्यात असूनही ट्रायब्यूनलने त्यांचा विचार न करता 'तीन महिने थांबला, म्हणून मान्य केले' असे लिहिले असेल, तर तो कायद्याचा मुद्दा होऊ शकतो. आणि कौर निर्णयानुसार, आधी मान्य केलेल्या घटनासुद्धा मालिकेत नवी भर पडल्यावर पुन्हा मोजता येतात. ट्रायब्यूनलने त्या कायमच्या बाद धरल्या आहेत का हे तपासावे.

पाचवी जागा राजीनाम्याच्या कारणाची. नोकरी सोडताना कर्मचाऱ्याकडे बहुधा एकापेक्षा जास्त कारणे असतात: मालकाचे वागणे, घरची जबाबदारी, दुसरीकडे मिळालेली संधी. २०१३ मध्ये निकाली निघालेल्या 'राइट विरुद्ध नॉर्थ एअरशायर कौन्सिल' प्रकरणात ईएटीने स्पष्ट केले की करारभंग हे मुख्य कारण असण्याची गरज नाही. राजीनाम्यात त्याचा वाटा असला की पुरे. ट्रायब्यूनलने 'मुख्य कारण' किंवा 'परिणामकारक कारण' शोधून बाकीची सोडून दिली असतील, तर बहुतेक वेळा तेथे भक्कम मुद्दा मिळतो, कारण राजीनाम्याच्या पत्रात भंगाचा उल्लेख आहे हे ट्रायब्यूनलनेच नोंदवलेले असते.

जे मुद्दे चालत नाहीत, किंवा फार क्वचित चालतात

'निष्कर्ष पुराव्याच्या विरुद्ध आहे' हा आधार अपिलात सर्वाधिक घेतला जातो आणि बहुधा सर्वाधिक फसतो. 'येबोआ विरुद्ध क्रॉफ्टन' या २००२ च्या निर्णयाप्रमाणे, पुराव्याकडे आणि कायद्याकडे योग्य रीतीने पाहणारे कोणतेही समंजस ट्रायब्यूनल त्या निष्कर्षाला येऊच शकले नसते, हे ठळकपणे दाखवावे लागते. आपला साक्षीदार अधिक विश्वासार्ह होता, हे त्यात बसत नाही. एखादा निष्कर्ष काढायला पुरावाच नव्हता, किंवा ट्रायब्यूनलनेच आधी नोंदवलेल्या गोष्टीशी तो थेट विसंगत आहे, हे मात्र बसू शकते.

'कारणे अपुरी आहेत' हा आधारही जपून वापरावा. 'मीक विरुद्ध बर्मिंगहॅम' या १९८७ च्या निर्णयाची अपेक्षा एवढीच की पक्षकारांना आपण का जिंकलो वा का हरलो हे कळावे. प्रत्येक ईमेलचा, प्रत्येक साक्षीचा उल्लेख करण्याचे बंधन ट्रायब्यूनलवर नाही. शिवाय 'डीपीपी लॉ विरुद्ध ग्रीनबर्ग' या २०२१ च्या निर्णयात कोर्ट ऑफ अपीलने बजावले आहे की निकालपत्र समग्र आणि न्याय्य दृष्टीने वाचावे, आणि ट्रायब्यूनलने कायदा अचूक सांगितला असेल तर तो त्याने लावला नाही असे मानण्याची घाई करू नये. म्हणून एखाद्या वाक्याचा कीस काढून अपील उभारता येत नाही. कारणांत खरोखरच पोकळी असेल तर ईएटी ट्रायब्यूनललाच पुढील स्पष्टीकरण मागू शकते. या पद्धतीला बर्न्स-बार्क असे म्हणतात, आणि अशा स्पष्टीकरणाने कधी कधी अपिलातली हवाच निघून जाते.

ट्रायब्यूनलपुढे न मांडलेला नवा कायदेशीर मुद्दा अपिलात सहसा घेऊ देत नाहीत, विशेषतः त्यासाठी नव्या वस्तुस्थितीची चौकशी लागणार असेल तर. नवा पुरावाही तसाच. तो पूर्वी मिळणे शक्य नव्हते, तो निकालावर महत्त्वाचा परिणाम करणारा आहे आणि विश्वासार्ह दिसतो, या १९५४ च्या 'लॅड विरुद्ध मार्शल' निर्णयातील कसोट्या त्याला लागतात. न्यायाधीश पक्षपाती होते असा आरोप करायचा असेल तर नेमके काय घडले, केव्हा घडले, कोणासमोर घडले हे शपथपत्रावर सांगण्याची तयारी हवी. न्यायाधीशांनी वारंवार मध्येच टोकले एवढ्याने पक्षपात सिद्ध होत नाही, आणि हा आरोप सैलपणे केला की चांगल्या मुद्द्यांचेही वजन कमी होते.

अपिलाचा मसुदा

ईएटीचा विहित अर्ज लहान आहे. खरे काम त्यातल्या अपिलाच्या मुद्द्यांचे. प्रत्येक मुद्द्यात चार गोष्टी असाव्यात: निकालपत्राचा परिच्छेद क्रमांक, तेथे ट्रायब्यूनलने काय म्हटले, योग्य कायदा काय आणि कोणत्या निर्णयात, आणि या चुकीचा निकालावर परिणाम काय झाला. बहुतेक जण चौथी गोष्ट विसरतात.

उदाहरण घेऊ. सामान्य तक्रार अशी असते: 'मी मॅनेजरच्या छळाला कंटाळून सोडले, हे ट्रायब्यूनलने मानले नाही.' तिचे मुद्द्यात रूपांतर असे होईल: 'परिच्छेद ६२ मध्ये ट्रायब्यूनलने राजीनाम्याचे मुख्य कारण नवी नोकरी होती असे ठरवून दावा फेटाळला. राइट निर्णयाप्रमाणे करारभंगाचा राजीनाम्यात वाटा होता का, एवढेच विचारायला हवे होते. परिच्छेद ४१ मध्ये ट्रायब्यूनलनेच नोंदवले आहे की राजीनाम्याच्या पत्रात मॅनेजरच्या वर्तनाचा उल्लेख होता. योग्य प्रश्न विचारला असता तर वेगळा निष्कर्ष निघणे शक्य होते.' प्रत्यक्ष अर्ज इंग्रजीत करायचा असला तरी मुद्दा आधी आपल्या भाषेत असा नीट बसवून घेतला की पुढचे सोपे जाते.

मुद्दे थोडके ठेवावेत. तीन नेमके मुद्दे सतरा पसरट मुद्द्यांपेक्षा केव्हाही बरे. पुनर्विचाराचा अर्ज केला असेल तर तो आणि त्यावरचा निर्णयही जोडावा. कामगार संघटनेचे सदस्यत्व असेल किंवा घराच्या विम्यात कायदेशीर खर्चाचे संरक्षण असेल तर पहिल्या आठवड्यातच त्यांच्याशी संपर्क साधावा. यशाची शक्यता निम्म्याहून अधिक आहे असे मत मिळाल्याखेरीज विमा कंपन्या सहसा खर्च उचलत नाहीत, आणि ते मत यायला वेळ लागतो. विनामूल्य सल्ला देणारी सिटिझन्स अॅडव्हाइस आणि विनामूल्य बॅरिस्टर मिळवून देणारी अॅडव्होकेट ही धर्मादाय संस्था, हे आणखी दोन दरवाजे.

चाळणी आणि सुनावणी

दाखल झालेले प्रत्येक अपील आधी चाळणीतून जाते. न्यायाधीश कागद वाचून ठरवतात की त्यात वाजवी आधार आहे का. नसेल तर ईएटीच्या नियमावलीतील नियम ३(७) खाली कारणांसह तसे कळवले जाते, आणि येथे अनेकांचा समज होतो की सगळे संपले. तसे नाही. कळवल्यापासून २८ दिवसांच्या आत लेखी असमाधान व्यक्त करून नियम ३(१०) खाली न्यायाधीशापुढे तोंडी सुनावणी मागता येते. मात्र अपील पूर्णपणे निराधार असल्याचा शेरा असेल तर हा मार्ग बंद होतो.

या तोंडी सुनावणीला वकील नसलेल्या अपीलकर्त्याला एलास या योजनेखाली विनामूल्य वकील मिळू शकतो, जो सुनावणीच्या दिवशी भेटून बाजू मांडण्यास मदत करतो. ही मदत अवश्य घ्यावी. अनुभवी वकील त्याच कागदांतून नेमका मुद्दा वेचून काढतो आणि सुधारित मुद्द्यांवर अपील पुढे जाते, असे घडते. काही अपिले प्राथमिक सुनावणीला लावली जातात, काही थेट पूर्ण सुनावणीला. पुढे जाऊ दिलेल्या अपिलाला मालक उत्तर देतो, आणि त्यात तो ट्रायब्यूनलच्या निकालाचे वेगळ्या कारणांवर समर्थनही करू शकतो; म्हणजे पूर्वी नसलेला खांब आता उभा राहू शकतो.

पूर्ण सुनावणीत साक्षी होत नाहीत. न्यायाधीशांनी दोन्ही बाजूंचे लेखी युक्तिवाद आधीच वाचलेले असतात, आणि ते थेट प्रश्नांकडे वळतात. 'ट्रायब्यूनलने परिच्छेद ५८ मध्ये एकत्रित परिणामाचा विचार केलाच आहे, नाही का?' अशा प्रश्नाला तयार उत्तर हवे, आणि जिथे मुद्दा कमजोर आहे तिथे तो मान्य करण्याचीही तयारी हवी. हरल्यास मालकाचा खर्च आपोआप अंगावर येत नाही. अपील निरर्थक, अनावश्यक किंवा त्रास देण्यासाठी केलेले होते, किंवा वागणे अवाजवी होते, अशा परिस्थितीतच खर्चाचा आदेश होऊ शकतो.

निकालानंतर

अपील मंजूर झाले म्हणजे दावा जिंकला असे क्वचितच होते. 'जाफ्री विरुद्ध लिंकन कॉलेज' या २०१४ च्या निर्णयानुसार, योग्य कायदा लावल्यावर एकच निष्कर्ष शक्य असेल किंवा दोन्ही पक्ष संमत असतील तरच ईएटीला स्वतः अंतिम निर्णय देता येतो. अन्यथा प्रकरण ट्रायब्यूनलकडे परत जाते. ते त्याच न्यायाधीशांकडे जावे की नव्यांकडे, हे किती काळ लोटला, पहिला निकाल किती सदोष होता, पक्षपाताचा प्रश्न होता का आणि खर्चाचे प्रमाण काय, यांवर ठरते. अपीलकर्त्याला सहसा नवे न्यायाधीश हवेसे वाटतात, पण जुन्यांनी नोंदवलेल्या अनुकूल वस्तुस्थिती गमवायच्या का, याचा विचार मागणी करण्याआधी करावा.

अपील फेटाळले गेले तर इंग्लंड व वेल्समध्ये कोर्ट ऑफ अपीलकडे आणि स्कॉटलंडमध्ये कोर्ट ऑफ सेशनच्या इनर हाउसकडे जाता येते, परंतु त्यासाठी परवानगी लागते. कोर्ट ऑफ अपीलसाठी मुदत आणखी आखूड, सर्वसाधारणपणे २१ दिवसांची असते. तेथे शुल्कही आहे आणि खर्च अंगावर येण्याचा धोकाही खरा आहे.

प्रकरण परत पाठवले गेले असेल तर ईएटीच्या आदेशाचे शब्द अक्षरशः वाचावेत. 'राजीनाम्याच्या कारणाचा प्रश्न पुन्हा विचारार्थ' असे लिहिले असेल तर तेवढाच प्रश्न खुला आहे; भंग झाला का हे पुन्हा उकरून काढता येणार नाही, मालकालाही नाही. नवा पुरावा देता येईल का हेही त्याच आदेशावर आणि ट्रायब्यूनलच्या पुढील निर्देशांवर अवलंबून असते. परत पाठवणीनंतर नव्या सुनावणीची तारीख बरीच दूरची असू शकते, आणि मालकालाही तोच खर्च पुन्हा करायचा असतो. त्यामुळे एकास (Acas) या कामगार तंट्यांत तडजोड घडवणाऱ्या सार्वजनिक संस्थेमार्फत तडजोडीची बोलणी पुन्हा सुरू करायची असतील तर ती आदेश हाती आल्यावर लगेच, सुनावणीची तारीख लागण्याआधी करावीत.